शेतघरातला ठेवा

सामान्य काळातील सतरावा रविवार
वाचने : १ राजे ३:५, ७-१२, रोमकरांस ८:२८-३०, मत्तय १३:४४-५२



आजच्या शुभवर्तमानातील पहिला दाखला अवघ्या एका श्लोकाचा आहे. शेतात ठेवा पुरलेला असतो. एका माणसाला तो सापडतो. तो पुन्हा माती लोटतो, आनंदाच्या भरात घरी जातो, होते नव्हते ते सारे विकतो आणि ते शेत विकत घेतो. संपला दाखला. आपण हा दाखला ऐकतो तेव्हा आपले सारे लक्ष त्या भाग्यवान माणसाकडे असते. त्याने काय विकले, किती विकले, त्याच्या बायकोला काय वाटले असेल, असे प्रश्न आपल्या मनात येतात. परंतु एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. तो ठेवा तिथे पुरला कोणी?

येशूच्या काळी त्या देशात आजच्यासारख्या बँका नव्हत्या. सैन्ये येत जात, लुटालूट होई. अशा वेळी घरधनी रात्री कुदळ घेऊन जाई आणि सोने-नाणे मातीत घालून ठेवी. पुढे तो लढाईत मरे, दूरदेशी जाई किंवा म्हातारपणी स्मृती हरवून बसे. शेत मुलांकडे जाई, त्यांच्याकडून नातवंडांकडे, मग परक्याकडे. वर नांगर फिरत राही आणि खाली ठेवा पडून राही. म्हणजे शेतात सापडलेल्या प्रत्येक ठेव्यामागे आपल्या मुलाबाळांना सांगायची राहून गेलेली एक गोष्ट असते. येशू ती गोष्ट सांगत नाही, कारण त्याला स्वर्गराज्याच्या आनंदाविषयी बोलायचे आहे. पण आज आपण त्या न सांगितलेल्या गोष्टीकडे थोडे वळूया. त्याला कारणही आहे. यंदा हा रविवार २६ जुलै रोजी, म्हणजे येशूचे आजी-आजोबा संत योआकिम व संत आन्ना यांच्या दिवशी आला आहे. शिवाय पोप फ्रान्सिस यांनी २०२१ सालापासून जुलै महिन्याचा चौथा रविवार आजी-आजोबा व ज्येष्ठांचा जागतिक दिन म्हणून पाळण्यास सांगितले. तोही आजच आहे.

फ्रान्स देशाच्या पश्चिम भागात एका खेड्यात घडलेली हकीकत सांगतो. रोजे बायों नावाचे एक गृहस्थ मालवाहतुकीच्या धंद्यात होते. धंदा भरभराटीला आला होता. दुसरे महायुद्ध संपून काही वर्षे झाली होती आणि लोकांना नव्या, छोट्या, कमी पेट्रोल पिणाऱ्या गाड्या हव्या होत्या. युद्धापूर्वीच्या भल्यामोठ्या मोटारी, ज्यांतून एके काळी राजेरजवाडे आणि नटनट्या फिरत असत, त्या आता भंगारात जाऊ लागल्या होत्या. लोखंडाच्या भावाने त्या तोडल्या जात. बायोंना हे पाहवले नाही. १९५० च्या दशकात त्यांनी अशा मोटारी विकत घ्यायला सुरुवात केली. इस्पानो-सुइझा, व्हॉयझँ, दलाज, तालबो-लागो अशी आज केवळ जाणकारांच्या ओठांवर असलेली नावे त्यांच्या आवारात एकामागून एक येऊन उभी राहिली. त्यांपैकी एक गाडी इजिप्तच्या फारूक राजाची होती. बायोंचे स्वप्न होते मोटारींचे एक संग्रहालय उभारण्याचे.

ते स्वप्न पुरे झाले नाही. १९७० च्या दशकात धंदा कोसळला. बऱ्याच गाड्या विकाव्या लागल्या. उरलेल्या शेतावर राहिल्या, काही कोठारात, काही नुसत्या पत्र्याच्या छपराखाली, चारही बाजूंनी उघड्या. बायों वारले. त्यांच्या मुलाने गाड्या विकल्या नाहीत आणि दुरुस्तही केल्या नाहीत. वर्षांमागून वर्षे गेली. पत्रे गळू लागले. वेली चाकांवरून चढून दारांतून आत शिरल्या. गाद्यांची कातडी फाटली, लाकडी सांगाडे कुजले, पत्रा गंजून हाताने मोडावा असा झाला.

मुलगाही निवर्तला आणि सारे नातवंडांकडे आले. शेतावर आजोबांच्या जुन्या गाड्या पडून आहेत एवढे त्यांना ठाऊक होते, परंतु त्यांचे मोल काय याची कल्पना नव्हती. त्यांनी पॅरिसच्या आर्टक्युरिअल या लिलाव संस्थेला कळवले. २०१४ साली मातिए लामूर आणि पिएर नोव्हिकॉफ हे दोन जाणकार तिथे पोहोचले. एकेक छप्पर पाहत ते पुढे गेले. एका बंदिस्त जागेत जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांखाली एक फेरारी दिसली. त्या प्रकारच्या मोजून तीन-चार डझन गाड्या जगात तयार झाल्या होत्या आणि ही त्यांपैकी एक कुठे गेली याचा पत्ता नव्हता. अलँ दलाँ या प्रसिद्ध नटाची त्या गाडीसोबतची छायाचित्रे जुन्या काळी छापून आली होती. एकूण साठेक गाड्या निघाल्या. ६ फेब्रुवारी २०१५ रोजी पॅरिसमध्ये त्यांचा लिलाव झाला. सगळ्यांची मिळून सुमारे २.५ कोटी युरो किंमत आली, त्यांपैकी १.६ कोटींहून अधिक त्या एका फेरारीचे. गंमत अशी की लिलावापूर्वी लोकांना पाहायला ठेवताना गाड्या धुतल्या नव्हत्या. धूळ, जळमटे, गंज सारे जसेच्या तसे होते.

वर्तमानपत्रांनी अर्थातच किमतीवर मथळे दिले. आम्हांला मात्र त्या नातवंडांचा विचार अधिक करावासा वाटतो. लहानपणी ती मुले त्या आवारात खेळली असतील. त्या गाड्यांमागे लपली असतील. ठेवा त्यांच्यापासून लपवलेला नव्हता, तो डोळ्यांसमोर होता, फक्त त्याचे नाव कोणी सांगितले नव्हते. आणि ज्याचे नाव सांगितले जात नाही ते पुढच्या पिढीच्या दृष्टीने भंगार असते. यात त्या मुलांचा दोष काय?

या ठिकाणी रोजे बायोंना लूकच्या शुभवर्तमानातील मूर्ख धनवानाच्या ओळीत बसवण्याचा मोह एखाद्या प्रवचनकाराला होईल. तोही कोठारे बांधणारा, हाही कोठारे भरणारा. आम्हांला ते न्यायाचे वाटत नाही. त्या धनवानाने स्वतःच्या पोटासाठी साठवले होते. बायोंनी, जग जे तोडून वितळवत होते, ते वाचवले. त्यांनी त्या गाड्या घेतल्या नसत्या तर २०१४ साली वेलींखाली शोधायला काहीच उरले नसते. आपल्या घरांतील ज्येष्ठांविषयी हेच म्हणावे लागेल. गरिबीत, एका छपराखाली, पावसात गळणाऱ्या घरात त्यांनी श्रद्धा सांभाळली. ती थोडी गंजली असेल, तिच्यावर धूळ बसली असेल, तिची रीत जुनी असेल, पण त्यांनी ती मोडीत काढली नाही. तेव्हा टीका करण्यापूर्वी आभार मानावेत.

तरीही एक गोष्ट राहून गेली होती, आणि ती पैशाअभावी राहिली असे म्हणता येत नाही. गाडी दुरुस्त करायला पैसा लागतो. ही कोणाची, कुठून आली, मी ती का घेतली, हे नातवाला मांडीवर घेऊन सांगायला एक पैसाही लागत नाही.

या इस्पानो-सुइझा कंपनीचीच एक गोष्ट घ्या. पहिल्या महायुद्धात या कंपनीची इंजिने विमानांत बसवली जात. जॉर्ज गिनमेर नावाचा एक तरुण फ्रेंच वैमानिक त्या इंजिनाच्या विमानातून लढे. त्याच्या तुकडीचे चिन्ह होते उडता करकोचा. ११ सप्टेंबर १९१७ रोजी तो बेल्जियमच्या आकाशात गेला आणि परतला नाही. वय वर्षे २२. त्याचा देहही मिळाला नाही. युद्ध संपल्यावर १९१९ साली कंपनीने आपली नवी मोटार बाजारात आणली तेव्हा तिच्या बॉनेटच्या टोकाला त्या तरुणाच्या आठवणीसाठी उडता करकोचा बसवला. ज्याला ही हकीकत ठाऊक आहे तो त्या धातूच्या पाखरासमोर क्षणभर थांबतो. ज्याला ठाऊक नाही त्याला ते शोभेचे पाखरू दिसते, आणि ते उपटून विकले तर किती येतील एवढेच सुचते.

आपल्याकडे वेगळे नाही. मुंबईतील जुन्या गावठाणांत गल्लीच्या तोंडाशी उभे असलेले क्रूस आपण पाहतो. त्यांपैकी कित्येक १८९६ साली सुरू झालेल्या प्लेगच्या साथीत लोकांनी उभारले. घरोघरी माणसे मरत होती, लोक गाव सोडून पळत होते आणि जे मागे राहिले त्यांनी रस्त्यात गुडघे टेकून देवाची करुणा भाकली. त्या दगडामागे ही भीती आणि हा विश्वास आहे. आज त्याच क्रुसाला वळसा घालताना गाडीवाला त्रासून म्हणतो की हा मध्येच कशाला? त्याला कोणी सांगितलेच नसेल तर तो आणखी काय म्हणणार? आणि आपल्या घरांत भिंतीवर लटकणारी तसबीर, पेटीतली झिजलेली रोजरी, पानांच्या कडा काळ्या पडलेले प्रार्थनापुस्तक? ते आजीच्या हातात कोणत्या रात्री होते, कोणाच्या आजारपणात, कोणत्या कर्जाच्या काळात, हे नातवाला ठाऊक आहे का? घर पाडून इमारत उभी राहते तेव्हा सामान हलवणारी माणसे विचारतात, हे ठेवायचे की टाकायचे? त्या एका प्रश्नाचे उत्तर आजीने वीस वर्षांपूर्वी काय सांगितले यावर अवलंबून असते.

याच संदर्भात दुसरी एक हकीकत सांगण्याजोगी आहे. तिच्यात कोठार नाही, सरोवर आहे, पण ठेवा त्याच जातीचा. स्वित्झर्लंड आणि इटली यांच्या सीमेवर माज्जोरे नावाचे मोठे सरोवर आहे. त्याच्या काठी अस्कोना हे गाव. १९२५ साली बनलेली एक बुगाटी मोटार त्या गावी आली, पण तिच्यावरची आयात जकात कोणी भरली नाही. शेवटी १९३६ साली जकात अधिकाऱ्यांनी ती गाडी सरोवरात सोडली. कोणी पैसे भरले तर वर काढता यावी म्हणून साखळीला बांधून सोडली होती, असे सांगतात. साखळी गंजून तुटली आणि गाडी पन्नासहून अधिक मीटर खोल तळाशी गेली.

पण अस्कोनाच्या लोकांनी एक केले. ते ही गोष्ट सांगत राहिले. आपल्या सरोवराच्या तळाशी एक बुगाटी आहे, हे आजोबांनी नातवाला सांगितले, चहाच्या टेबलावर सांगितले, हसत सांगितले. कोणी खरे मानले, कोणी थट्टा समजले. १९६७ साली एका पाणबुड्याने खाली जाऊन पाहिले, तर गाडी खरोखरच चिखलात आडवी पडलेली! पुढे चार दशके तिथल्या पाणबुड्यांच्या मंडळाचे सभासद खाली जाऊन तिची भेट घेत. तिला वर काढण्याची कोणाला घाई नव्हती.

मग २००८ साली एक वाईट घटना घडली. शेजारच्या लोकार्नो गावात कार्निव्हलच्या रात्री दामियानो तामान्यी या २२ वर्षांच्या तरुणाला काही तरुणांनी मारहाण केली आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. त्याच्या नावाने तरुणांमधील हिंसाचाराविरुद्ध काम करणारी एक संस्था उभी राहिली. तिला पैसा हवा होता. तेव्हा पाणबुड्यांनी ठरवले की आता तो ठेवा बाहेर काढायचा. १२ जुलै २००९ रोजी, ७३ वर्षांनी, ती गाडी पाण्याबाहेर आली. एक बाजू जवळजवळ नाहीशी झालेली, पण काही टायरांत अजून हवा होती. जानेवारी २०१० मध्ये पॅरिसच्या लिलावात तिला २ लाख ६० हजार ५०० युरो मिळाले आणि ते त्या संस्थेला गेले. घेणाऱ्या अमेरिकन संग्राहकाने, पीटर मुलिन यांनी, ती दुरुस्त न करता तशीच गंजलेली आपल्या संग्रहालयात मांडली होती.

बंधु-भगिनींनो, या दोन्ही हकीकती शेजारी शेजारी ठेवून पाहा. एका ठिकाणी गाड्या छपराखाली, जमिनीवर, घरच्यांच्या नजरेसमोर, तरी विस्मृतीत गेल्या. दुसऱ्या ठिकाणी गाडी अंधाऱ्या पाण्यात, कोणाला दिसणेही शक्य नाही, तरी जिवंत राहिली, कारण ती सांगितली गेली. आणि सांगितली गेली म्हणूनच गावावर दुःख कोसळले तेव्हा त्यांना आठवले की आपल्याजवळ खाली काहीतरी आहे. संकटात माणूस तोच ठेवा काढतो ज्याच्याविषयी त्याने ऐकलेले असते. आपल्या मुलांवर संकटे येणार आहेत. नोकरी जाईल, संसारात तडा जाईल, डॉक्टर कागद हातात देऊन गप्प बसेल. त्या रात्री त्यांना ठाऊक असायला हवे की आपल्या घराच्या तळाशी प्रार्थना आहे. ते त्यांना आपल्याशिवाय कोण सांगणार?

संत योआकिम व संत आन्ना यांची नावे बायबलमध्ये कुठेच नाहीत, हे आपणांस ठाऊक असेल. चारही शुभवर्तमाने त्यांच्याविषयी मौन बाळगतात. दुसऱ्या शतकातील एका जुन्या लेखनातून आणि श्रद्धावंतांच्या परंपरेतून ती आपल्यापर्यंत आली. कोणीतरी कोणाला सांगितले, त्याने पुढे सांगितले, म्हणून येशूच्या आजी-आजोबांना आज आपण नावाने हाक मारतो. संत पौल तीमथ्याला दुसरे पत्र लिहितो तेव्हा त्याच्या श्रद्धेचा उगम कुठे दाखवतो? त्याची आजी लोईस हिच्यापाशी, आणि मग त्याची आई युनीके हिच्यापाशी (२ तीमथ्य १:५). पौलासारख्या महापंडिताला एका तरुण धर्मसेवकाला धीर द्यायचा आहे आणि तो आठवण करून देतो ती आजीची! त्याच्या पुढच्याच ओळीत तो तीमथ्याला आतला निखारा पुन्हा फुलवायला सांगतो. आजीने दिलेला निखारा नातवाने स्वतः फुलवायचा असतो. नुसता राखेत झाकून ठेवायचा नसतो.

इथे थोडे सावध राहायला हवे. श्रद्धेला जुन्या मोटारीची उपमा देताना ती संग्रहालयातील वस्तू आहे असे कोणाला वाटू नये. अॅरिस्टॉटलच्या म्हणण्याप्रमाणे वस्तू काय आहे हे ती कशासाठी आहे यावरून कळते. मोटार धावण्यासाठी आहे. दिव्याच्या झोतात दोरखंडापलीकडे उभी असलेली चकचकीत मोटार पाहायला सुंदर असते, पण तिच्यातून आजारी माणसाला दवाखान्यात नेता येत नाही. वर्षातून एकदा सणाला झगमगणारी, लग्नात आणि पहिल्या प्रभूभोजनाच्या छायाचित्रांत उठून दिसणारी आणि एरवी कापडाखाली झाकलेली श्रद्धा अशीच असते. कोठारातली धूळ आणि संग्रहालयातली चमक यांत इंजिनाच्या दृष्टीने काहीच फरक नाही. दोन्हीकडे ते बंदच!

मग बंद पडलेले इंजिन सुरू कसे करतात? जुन्या गाड्यांचे जाणकार मेकॅनिक सांगतात की चाळीस-पन्नास वर्षे उभ्या असलेल्या गाडीला बॅटरी लावून लगेच चावी फिरवायची नसते. आतला पिस्टन सिलिंडरच्या भिंतीला गंजाने धरलेला असतो. जोर केला तर काहीतरी तुटते. ते आधी प्लग काढतात, त्या भोकातून थोडे तेल सोडतात आणि काही दिवस नुसते मुरू देतात. मग हाताने इंजिन किंचित फिरवून पाहतात. नाही हलले तर पुन्हा तेल, पुन्हा थांबणे. टाकीतील जुने पेट्रोल राळेसारखे चिकट झालेले असते, ते सारे काढून टाकी आणि नळ्या धुवाव्या लागतात. ब्रेकचे रबर बदलावे लागते, कारण सुरू झालेली गाडी थांबवताही आली पाहिजे.

आपल्या धर्मग्रामात कितीतरी जण असे आहेत की ज्यांनी पंधरा-वीस वर्षांत पापनिवेदन केलेले नाही, मिस्साबलिदानाला आले तर दाराशी उभे राहतात आणि आशीर्वादापूर्वी निघून जातात. त्यांच्या घरच्यांना आमची हात जोडून विनंती आहे की चावी फिरवू नका. जेवताना टोमणे मारू नका. अमक्याचा मुलगा बघ कसा येतो, ही तुलना तर मुळीच नको. तेल सोडा. त्याच्यासाठी रोज एक प्रार्थना म्हणा, त्याचे ऐकून घ्या, थांबा. हे सारे धर्मगुरूंनाही लागू आहे, हे सांगायला नकोच.

आणि कोणी निराश होऊन म्हणेल की आता आतले काहीच उरलेले नाही, सारे गंजून गेले, तर त्याला काय सांगावे? ग्रीक लोकांत एक जुना वाद आहे. थीसियस नावाच्या वीराचे जहाज अथेन्सच्या लोकांनी जपून ठेवले होते. एकेक फळी कुजली की ते नवी बसवत. प्लूटार्क लिहितो की यावरून तत्त्ववेत्त्यांत भांडण लागले, हे जहाज तेच की दुसरे? गुरुशाळेत या जहाजाने आम्हां विद्यार्थ्यांचा बराच घाम काढला होता. जुन्या मोटारींच्या जगात हा वाद रोजचा आहे. दारे नवी, चाके नवी, गादी नवी, मग ही तीच गाडी कशावरून? त्यावर ते लोक एक सोपी गोष्ट करतात. खाली वाकतात, चिंधीने सांगाडा पुसतात आणि कारखान्यात ठोकलेला क्रमांक शोधतात. वेली चढल्या तरी तो क्रमांक वेलींचा होत नाही. चिखलाने झाकला तरी तो पुसला जात नाही. तो बनवणाऱ्याने ठोकलेला असतो.

आपली ख्रिस्तसभा शिकवते की स्नानसंस्काराने आत्म्यावर कधीही न पुसणारा ठसा उमटतो. म्हणूनच हा संस्कार दुसऱ्यांदा देत नाहीत. कितीही दूर गेलेला माणूस परतला तर त्याला नव्याने पाणी ओतावे लागत नाही, कारण ठसा तिथेच असतो. आजच्या दुसऱ्या वाचनात संत पौल म्हणतो की देवाने आपल्याला आधीच ओळखले आणि आपल्या पुत्राच्या प्रतिमेसारखे होण्यासाठी नेमले. गंज आपला आहे, क्रमांक त्याचा आहे. तो वाकून चिंधीने पुसतो आणि वाचतो.

त्या दोन फ्रेंच जाणकारांनी वेलींखालची गाडी ओळखली ती डोळा तयार होता म्हणून. आजच्या पहिल्या वाचनात तरुण शलमोन राजाने देवापाशी नेमके हेच मागितले आहे. दीर्घायुष्य नाही, संपत्ती नाही, शत्रूंचा नाश नाही, तर ऐकणारे आणि पारख करणारे अंतःकरण. नातवंडांनीही एक मोठे शहाणपण दाखवले, ते विसरून चालणार नाही. त्यांना स्वतःला पारख नव्हती, पण भंगारवाल्याला बोलावण्याआधी त्यांनी पारख असणाऱ्याला बोलावले. तरुण मित्रांनो, आजोबांची एखादी गोष्ट निरर्थक वाटली तर ती टाकण्यापूर्वी एकदा विचारा. उत्तर पटले नाही तर पुढे बोलू. पण विचारा.

आणखी एक. दाखल्यातील माणसाने ठेवा उचलून पळ काढला नाही. त्याने शेत विकत घेतले. खडे, तण, बांधाची भांडणे यांसकट सारे शेत. ठेवा हवा तर शेतही घ्यावे लागते. आजीची श्रद्धा हवी असेल तर आजीही हवी. तिचे तेच तेच बोलणे, तिचा खोकला, रात्री तीनदा उठणे, ऐकू न येणे, हे सारे त्या शेतात येते. अलीकडे आपण पाहतो की आजीची नथ सगळ्यांना हवी असते, वाडीतला हिस्सा हवा असतो, तिची जुनी गाणी मोबाइलमध्ये भरून ठेवायला हवी असतात, आणि ती स्वतः मात्र आळीपाळीने दोन-दोन महिने या घरी, त्या घरी. याला शेत घेणे म्हणत नाहीत.

जाळ्याचा दाखला आज बाजूला ठेवतो, तो स्वतंत्र प्रवचनाचा विषय आहे. शेवटी येशू एका घरधन्याचे चित्र उभे करतो. तो आपल्या भांडारातून नवे आणि जुने दोन्ही बाहेर काढतो. क्रियापद पाहा, बाहेर काढतो. आत ठेवतो असे नाही.

तेव्हा आज एवढे करूया. दुपारच्या जेवणानंतर टीव्ही थोडा वेळ बंद ठेवावा. घरातील सर्वांत जुनी पवित्र वस्तू बाहेर काढावी, मग ती तसबीर असो, क्रूस असो की दोरा तुटलेली रोजरी, आणि घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीने ती कोणाची हे लहानग्यांना सांगावे. ज्यांना लिहिता येते त्यांनी ते चार ओळींत लिहून त्या वस्तूच्या मागे चिकटवावे. ज्यांचे आजी-आजोबा अंथरुणाला खिळले आहेत, त्यांच्याकडे आज सायंकाळी नेहमीप्रमाणे प्रभूभोजन आणले जाईल. त्या वेळी घरातील मुलांनी बाहेर न जाता खाटेजवळ उभे राहावे आणि मेणबत्ती त्यांनीच धरावी. आम्ही त्यांना आजी-आजोबांचे पूर्ण नाव विचारणार आहोत.